वेबसाइटच्या कोटेशनमधे ॲक्सेसिबिलिटीचा खर्च कसा धरायचा (एकदा हात पोळलेल्याकडून)

तीन वर्षांपूर्वी एका निमसरकारी संस्थेच्या वेबसाइटचं काम घेतलं होतं. टेंडरची फाइल चाळीसेक पानांची, आणि मागे जोडपत्रात एक ओळ, की संकेतस्थळ जीआयजीडब्ल्यू (सरकारी संकेतस्थळांसाठीच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिव्यांगांसाठी सुगम्य असावे. कंप्लायन्स शीटमधे त्या ओळीसमोर मी "येस" टाइप केलं आणि पुढच्या ओळीवर गेलो. साइट लाइव्ह झाली, पेढे वाटून झाले आणि मग ऑडिट रिपोर्ट आला. ६१ मुद्दे. शेवटचं ३० टक्के पेमेंट अडकलं आणि दोन डेव्हलपर सव्वादोन महिने जुनंच काम उसवून परत शिवत बसले. मेनू फक्त माउस वर नेला की उघडायचा, बटणांच्या जागी नुसते डिव्ह (कोडमधले बिननावाचे डबे) टाकलेले, हेडरमधे पांढऱ्यावर केशरी अक्षरं. त्या कामात नफा सोडा, पगार खिशातून दिले.

मी नाशिकला पाच जणांचं छोटं ऑफिस चालवतो. त्यानंतर अशी चार कामं केली आणि आता कोटेशन देताना हात थरथरत नाही. नवीन फ्रीलान्सर, छोट्या एजन्सीवाले विचारत असतात की किती टक्के लावायचे, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. टक्के लावायचेच नाहीत, मोजायचं. कसं मोजायचं ते खाली.

१. कुठला नियम लागतो ते आधी लेखी घ्या

क्लायंट म्हणतो "ॲक्सेसिबल पाहिजे", आणि त्याच्या डोक्यात असतं वर उजव्या कोपऱ्यात अक्षर लहान-मोठं करायची ए-मायनस, ए, ए-प्लस अशी तीन बटणं. ऑडिटरच्या डोक्यात वेगळंच असतं. त्यामुळे पहिल्या मीटिंगमधेच विचारायचं, कुठल्या स्टँडर्डचं कुठलं व्हर्जन आणि कुठली लेव्हल.

सरकारी किंवा निमसरकारी काम असेल तर जीआयजीडब्ल्यू ३.०. हे २०२३ चं आहे आणि त्यातला ॲक्सेसिबिलिटीचा भाग डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या २.१ व्हर्जनच्या डबल-ए लेव्हलवर (ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा तीन चढत्या लेव्हल असतात) बेतलेला आहे. सर्टिफिकेट मागितलं असेल तर एसटीक्यूसी या सरकारी तपासणी खात्याकडे जावं लागतं. ॲक्सेसिबिलिटीचं भारतीय मानक आयएस १७८०२ हेही आता टेंडरमधे दिसतं. क्लायंट शेअर ब्रोकर, म्युच्युअल फंड वगैरे असेल तर सेबीचं जुलै २०२५ चं परिपत्रक वाचा, त्यात ऑडिट कुणाकडून करून घ्यायचं तेही आहे. युरोपातल्या ग्राहकांना विकणारा क्लायंट असेल तर तिकडचा ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट २८ जून २०२५ पासून लागू झालाय. पुण्या-मुंबईत बसून जर्मनीतल्या दुकानाची साइट बनवणारे आपल्यात भरपूर आहेत, त्यांनी हे नजरेआड करू नये.

बाकी खाजगी क्लायंट म्हणतात "आम्हाला काय त्याचं". दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम ४६, त्यात सेवा देणारे सरकारी असोत की खाजगी, दोघंही येतात. कलम ८९ मधे दंड आहे, पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मधे सांगितलं की नियम नुसते सल्ल्यासारखे असून चालणार नाहीत, सक्तीचे करा, आणि एप्रिल २०२५ मधे ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा थेट राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग धरला. मी हे क्लायंटला घाबरवायला सांगत नाही, पण त्यांच्या फाइलला ही माहिती जोडतो म्हणजे अकाउंट्सवाल्यांनी ती ओळ कापायच्या आधी दोनदा विचार करावा.

इथला सापळा: कोटेशनमधे "डब्ल्यूसीएजी कंप्लायंट" एवढंच लिहू नका. २.१ डबल-ए म्हणजे ५० निकष, २.२ डबल-ए म्हणजे ५५. फरक पाचचा दिसतो, पण २.२ मधे बटणाचा आकार किमान २४ बाय २४ पिक्सेल आणि लॉगिनच्या वेळी डोकं खाणारं कोडं नको, असे निकष आहेत, जे शेवटच्या आठवड्यात कळले तर डिझाइन हलतं. ट्रिपल-ए कुणी मागितलं तर नम्रपणे नाही म्हणा, डब्ल्यूसीएजी बनवणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की अख्ख्या साइटला ट्रिपल-ए सरसकट लावू नये.

२. पानं मोजू नका, टेम्प्लेट मोजा

साइट पाचशे पानांची असली तरी ती बनते दहा-पंधरा टेम्प्लेटवर, म्हणजे साच्यांवर. बातम्यांचं पान एकदा नीट झालं की चारशे बातम्या नीट होतात. त्यामुळे ताशी हिशोब टेम्प्लेटवर बांधायचा, आणि टेम्प्लेटचे दोन ढीग करायचे. सोपे, म्हणजे नुसतं वाचायचं पान, संपर्क, टीमची यादी. आणि अवघड, म्हणजे जिथे माणूस काहीतरी भरतो, निवडतो, उघडतो, सरकवतो: फॉर्म, सर्च, फोटो गॅलरी, तारखेचं कॅलेंडर, फी भरायचं पान.

सोप्याला मी दोन तास धरतो, अवघडला सात. हे आकडे माझ्या टीमचे, तुमचे वेगळे येतील. तुमच्याकडे डेव्हलपर पहिल्यांदाच हे करत असतील तर दुप्पट धरा आणि त्यातले निम्मे शिकायचे म्हणून स्वतः सोसा, क्लायंटच्या माथी मारू नका.

हेडर, मेनू, फुटर वेगळे मोजायचे कारण ते सगळीकडे असतात आणि तिथे चूक राहिली की ती प्रत्येक पानावर दिसते. माझ्या त्या ६१ मुद्द्यांतले चौदा एकट्या मेनूचे होते!

३. डिझाइनमधे जे फुकटात होतं ते तिथेच करून घ्या

रंग. साध्या मजकुराला मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १. आपल्याकडे संस्थांना भगवा-केशरी भारी आवडतो आणि पांढऱ्यावर तिरंग्यातल्या केशरीचं लिखाण टाकलं तर रेशो जेमतेम २ च्या वर जातो. डिझाइन फिग्मामधे असताना हा रंग बदलायला पाच मिनिटं लागतात. साइट लाइव्ह झाल्यावर तोच रंग बदलायला माझी तीन आठवड्यांची मेल-मेली झाली, कारण तोपर्यंत अध्यक्षांनी त्या केशरीला मंजुरी दिलेली, बॅनर छापून झालेले, आणि "आता रंग का बदलताय" या प्रश्नाला प्रत्येक विश्वस्ताला वेगळं उत्तर द्यावं लागलं.

म्हणून डिझाइन मंजुरीच्या आधी कॉन्ट्रास्ट, कीबोर्डचा फोकस (टॅब दाबल्यावर आपण कुठे आहोत ती खूण) कसा दिसणार, फॉर्ममधली एरर कुठे आणि कुठल्या शब्दांत दिसणार, एवढं तपासायला दहा-बारा तास धरा. सगळ्या बजेटमधे याच तासांचा मोबदला सगळ्यात जास्त मिळतो.

४. पीडीएफ. इथेच खरे पैसे जातात

हे सगळ्यात नीट वाचा.

दुसरं काम होतं एका शिक्षण संस्थेचं, अनुदानित कॉलेज, मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत साइट. जुन्या साइटवर ३१२ पीडीएफ फाइली होत्या, सगळ्या मिळून २,९०० पानं. प्राचार्यांच्या ऑफिसातून सांगितलं, "त्या फक्त इकडून तिकडे टाकायच्यात." पहिलं काम केलं नसतं तर मीसुद्धा हो म्हटलं असतं.

पहिली तपासणी अशी करायची. फाइल उघडा, एक मराठी वाक्य सिलेक्ट करा, कॉपी करा, नोटपॅडमधे पेस्ट करा. तीन गोष्टी होऊ शकतात. मराठी वाक्य जसंच्या तसं आलं, तर छान, युनिकोड आहे. काही सिलेक्टच झालं नाही, तर तो स्कॅन केलेला फोटो आहे. आणि तिसरं, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी पेस्ट झाली, तर ती फाइल जुन्या शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव असल्या फाँटमधे केलीय. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण आत इंग्रजी कीबोर्डची अक्षरं आहेत, फक्त त्यांना मराठीचे मुखवटे घातलेत. स्क्रीन रीडर, म्हणजे अंध माणसाला पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मुखवटा बघत नाही, आतलं वाचतो. आमच्या टेस्टरने स्क्रीन रीडरवर अशी एक प्रवेशाची सूचना उघडली तर लॅपटॉप जवळपास अर्धा मिनिट काहीतरी बरळत होता, आणि तो हसून म्हणाला, "दादा, ही सूचना कुठल्या ग्रहावरची आहे?"

अशी फाइल टॅग (हे हेडिंग, हा तक्ता, अशा आतल्या खुणा) लावून दुरुस्त होत नाही. आधी मजकूर युनिकोडमधे बदलायचा, मग जोडाक्षरं तपासायची (कन्व्हर्टर रफार आणि अर्धा र हमखास बिघडवतात), मग परत फाइल बनवायची, मग टॅग.

आम्ही त्या ३१२ फाइलींचे कॉलेजच्या बाईंना सोबत घेऊन तीन ढीग केले. १३१ फाइली कुणालाच नको होत्या, २०१४ चं वेळापत्रक, संपलेली टेंडरं, एक तर कुणाच्यातरी लग्नाची पत्रिका होती, ती तिथे कशी आली देव जाणे. ११८ एक-दोन पानी सूचना होत्या, त्या पीडीएफ असायचं कारणच नव्हतं, त्यांचा मजकूर सरळ वेबपानावर घेतला. उरल्या ६३, त्या पीडीएफच लागणार, त्यांची पानं ५४०. त्यातली ४१० साधी, पानाला दहा मिनिटं म्हणजे ६८ तास. १३० पानं तक्त्यांची, निकाल, फीची कोष्टकं, त्यांना पानाला अर्धा तास म्हणजे ६५ तास. एकूण १३३ तास.

हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या मुद्द्यात अख्ख्या साइटचे तास येतील तेव्हा बाजूला ठेवून बघा. आणि ढीग केले नसते तर? २,९०० पानं, सगळी साधी धरली तरी ४८३ तास.

सापळा: काढून टाकायच्या ढिगातली प्रत्येक फाइल संस्थेच्या माणसाकडून लेखी मंजूर करून घ्या. माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली ठेवावे लागणारे कागद त्यात असू शकतात, ते तुम्ही स्वतःच्या अकलेने उडवले तर वेगळीच भानगड.

५. आता तासांचा हिशोब

त्याच कॉलेजचं, पीडीएफ सोडून, आम्ही काय धरलं ते देतो. ताशी दर ८०० रुपये, आमचा गावातला दर, पुण्यात जास्त असेल.

- डिझाइन तपासणी: १२ तास
- हेडर, मेनू, फुटर: ८ तास
- सोपे टेम्प्लेट ९, प्रत्येकी २ तास: १८ तास
- अवघड टेम्प्लेट ५, प्रत्येकी ७ तास: ३५ तास
- २४० फोटोंचं ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे त्याचं लिखित वर्णन), दोन्ही भाषांत, फोटोला ३ मिनिटं: १२ तास
- एकूण २५ मिनिटांच्या व्हिडिओंना कॅप्शन, मिनिटाला दहा मिनिटं: ४ तास
- घरचं टेस्टिंग, १४ टेम्प्लेटना दीड-दीड तास: २१ तास
- ऑडिटनंतरची दुरुस्ती: २० तास
- कॉलेजच्या माणसांचं ट्रेनिंग: ४ तास

झाले १३४ तास, म्हणजे १,०७,२०० रुपये. अख्खी साइट १३४ आणि नुसत्या पीडीएफ १३३, आता कळलं मी ओरडत का होतो ते.

टेस्टरचे दहा हजार (ते मुद्दा ७ मधे) धरून १,१७,२०० झाले. बाकीच्या साइटचं कोटेशन ५,६०,००० होतं, म्हणजे एकवीस टक्क्यांच्या जवळपास. पण हा एकवीस घेऊन पळू नका. फॉर्म नसलेल्या पाच पानी साइटला तो फार होईल आणि ऑनलाइन प्रवेश, परीक्षा, निकाल असलं सगळं असेल तर तुटपुंजा पडेल.

दोन भाषा असतील तर ऑल्ट टेक्स्ट, एरर मेसेज, बटणांची नावं सगळं दोनदा येतं, आणि मराठी कोण लिहिणार ते आधी ठरवा. डेव्हलपरने गूगल ट्रान्सलेटवरून टाकलेलं मराठी ऑल्ट टेक्स्ट मी वाचलंय, त्यापेक्षा रिकामं बरं. आणि पानाची भाषा कोडमधे मराठी म्हणून सांगायला विसरू नका, एका शब्दाचं काम आहे, तासही लागत नाही, पण ते राहिलं की स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करतो आणि पुढचं सगळं काम पाण्यात.

६. बाहेरून आणलेल्या गोष्टी

पेमेंट गेटवे, चॅटबॉट, नकाशा, कॅप्चा, कॅलेंडरचा प्लगइन. हे तुम्ही बनवलेलं नसतं पण ऑडिटमधे तुमच्याच नावावर मोडतं. कोटेशनच्या आधी यादी करा, प्रत्येकाच्या कंपनीकडे ॲक्सेसिबिलिटीचा रिपोर्ट मागा (परदेशी कंपन्या त्याला व्हीपॅट म्हणतात), आणि जे मिळणार नाही त्याच्यापुढे "पर्याय शोधावा लागेल" म्हणून सहा-आठ तास टाका. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखायचा कॅप्चा तर सरळ काढाच.

आणि ते विजेट. पानाच्या कोपऱ्यात निळा माणूस दिसतो, त्यावर क्लिक केलं की रंग बदला, अक्षर मोठं करा. विकणारे सांगतात एक ओळ कोड टाका, साइट कंप्लायंट. क्लायंटला हे फार आवडतं कारण ते दिसतं. अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने) जानेवारी २०२५ मधे अशाच दाव्यावरून एका विजेटवाल्या कंपनीला दहा लाख डॉलर भरायचा आदेश काढला. विजेटने बटणाला नाव येत नाही, पीडीएफ सुधरत नाही, मेनू कीबोर्डने उघडत नाही. त्याच्या वर्षाच्या वर्गणीत तुमचं डिझाइन तपासणीचं बजेट निघतं.

७. टेस्टिंग: टूल, आपण, आणि खरी माणसं

टूलना पैसे लागत नाहीत. ॲक्स (axe), वेव्ह, लाइटहाउस, साइट आपोआप तपासणारी ही सगळी फुकट मिळतात. पण लाइटहाउसला १०० आले म्हणून क्लायंटला स्क्रीनशॉट पाठवू नका. ब्रिटन सरकारच्या डिजिटल टीमने २०१७ मधे मुद्दाम १४० च्या वर अडथळे पेरलेलं एक पान बनवून टूलना तपासायला दिलं, त्यातल्या सगळ्यात चांगल्या टूलला चाळीस टक्क्यांच्या आसपासच सापडले. फोटोला ऑल्ट टेक्स्ट आहे एवढं टूलला कळतं, ते "आयएमजी ०४५७" आहे की "बक्षीस समारंभात विद्यार्थिनी" आहे हे त्याला काय कळणार.

मग आपण. माउस काढून ठेवायचा आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस यावर अख्खी साइट वापरायची. नंतर विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, तोही फुकट, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीकमधे मराठी आवाज आहे, थोडा यंत्रमानवासारखा बोलतो पण काम होतं. अँड्रॉइडवर तसाच टॉकबॅक. आपल्याकडचे विद्यार्थी फॉर्म मोबाइलवरच भरतात, त्यामुळे मोबाइलचे तास कापू नका.

आणि खरी माणसं, म्हणजे रोज स्क्रीन रीडर वापरणारी. दोन टेस्टर, प्रत्येकी दोन बैठका, बैठकीचे २,५०० रुपये, झाले दहा हजार. कृपा करून कुणाला "समाजकार्य म्हणून बघून द्या ना" म्हणू नका, तो माणूस त्याचं कौशल्य विकतोय. टेस्टर कुठून आणायचे विचारत असाल तर मुंबईत झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र आहे, नॅबच्या (अंधांसाठीच्या राष्ट्रीय संघटनेच्या) शाखा आहेत, तिथे विचारता येतं. आमचे एक टेस्टर बँकेत नोकरी करतात, शनिवारी येतात.

त्यांची पहिली बैठक सांगतो. प्रवेशाचा फॉर्म उघडून दिला. त्यांचा स्क्रीन रीडर इतक्या वेगात बोलत होता की आम्हाला एक शब्द कळेना, शेवटी म्हटलं, "सर, जरा हळू कराल का, आमच्यासाठी." नाव, आईचं नाव, पत्ता, सगळं झरझर भरलं. मग जन्मतारीख. कॅलेंडर उघडलं आणि लॅपटॉप म्हणायला लागला, "बटण. बटण. बटण. बटण." एकतीस वेळा. ते शांतपणे प्रत्येकावर थांबत होते, कुठे आकडा ऐकू येतोय का बघत. १९ वर्षं मागे जायला महिन्याचा बाण किती वेळा दाबायचा, तर २२८ वेळा, आणि त्या बाणालाही नाव नाही. तेवढ्यात सेशनची दहा मिनिटं संपली आणि फॉर्म कोरा झाला. ते फक्त म्हणाले, "परत भरू का?" आमचा डेव्हलपर उठून बाहेर गेला. सोमवारी त्याने कॅलेंडर उडवून दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने टाकले, वेळ संपायच्या आधी सूचना आणि मुदत वाढवायचं बटण टाकलं, चार तासांत काम झालं. ॲक्सच्या रिपोर्टमधे त्या सेशनबद्दल एक अक्षर नव्हतं.

८. ऑडिटरला काय विचारायचं

तीन जणांकडून भाव घ्या आणि भाव बघायच्या आधी हे विचारा: किती पानांचं सॅम्पल तपासणार, कुठल्या स्क्रीन रीडरवर, मोबाइल धरलाय का, रिपोर्टमधे दुरुस्ती सुचवणार की नुसता दोष लिहिणार, आणि रीटेस्ट किती वेळा त्याच पैशात. आयएएपीचं (ॲक्सेसिबिलिटी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं) सर्टिफिकेट असलेला माणूस प्रत्यक्ष तपासणार की नुसती सही करणार, हेही. शेवटचा प्रश्न विचारल्यावर एकाने फोनच उचलणं बंद केलं.

ऑडिटची फी स्वतःच्या कोटेशनमधे गिळू नका, वेगळी ओळ दाखवा. जमलं तर ऑडिटर क्लायंटनेच नेमावा. आणि ऑडिट एकदम शेवटी न ठेवता पहिले तीन-चार टेम्प्लेट झाल्यावर एक छोटी फेरी करून घ्या, तीच चूक पुढच्या दहा टेम्प्लेटमधे जात नाही.

९. कोटेशनच्या आधी हे हातात पाहिजे

- टेंडर किंवा मागणीपत्र, जोडपत्रांसकट, आणि त्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या ओळीखाली पेन्सिलची रेघ
- स्टँडर्ड, व्हर्जन, लेव्हल, मेलवर
- टेम्प्लेटची यादी, सोपे आणि अवघड
- पीडीएफची यादी, पानांच्या संख्येसकट, कॉपी-पेस्ट तपासणी केलेली
- फोटो आणि व्हिडिओंची संख्या, व्हिडिओंची एकूण मिनिटं
- बाहेरच्या सेवांची यादी
- मजकूर कोण देणार, दोन्ही भाषांत, त्या माणसाचं नाव
- लॅपटॉपवर एनव्हीडीए, एक साधा अँड्रॉइड फोन, कॉन्ट्रास्ट मोजायचं टूल

१०. क्लायंटशी बोलताना

कॉलेजच्या सचिवांनी तो १,१७,२०० चा आकडा बघून चष्मा कपाळावर नेला. "अहो, आमच्याकडे कोण अंध मुलगा येतोय ॲडमिशनला?" मी त्यांचंच माहितीपत्रक पुढे केलं. "सर, पान नऊवर तुम्हीच लिहिलंय की, दिव्यांगांसाठी पाच टक्के जागा राखीव. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३२ आहे ते. त्या जागांचा फॉर्म त्याच मुलांना भरता येत नाही सध्या." ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "पीडीएफचं दोन हप्त्यांत करता येईल का?" करता आलं.

पैसे खरंच कमी असतील तर क्रम असा लावा: आधी फॉर्म आणि फी, मग मेनू, मग चालू वर्षाच्या सूचना, गॅलरी आणि जुनं सगळं पुढच्या टप्प्यात. पण टप्पे लेखी, तारखांसकट, आणि पहिल्या टप्प्यावर "पूर्ण कंप्लायंट" असा शब्द कुठेही टाकू नका.

कोटेशनमधे मी ही वाक्यं टाकतो, हवी तर उचला:

"डब्ल्यूसीएजी २.१, डबल-ए लेव्हल, जोडलेल्या यादीतील १४ टेम्प्लेटसाठी. पीडीएफ दुरुस्ती स्वतंत्र, प्रतिपान दराने. बाह्य सेवांतील दोषांची जबाबदारी संबंधित कंपनीची, पर्याय सुचवणे आमच्याकडे. ऑडिटनंतर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या समाविष्ट, तिसरीपासून ताशी दर. अंतिम हप्ता दुसऱ्या फेरीचा अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत देय. हस्तांतरणानंतर संस्थेने टाकलेल्या मजकुराची सुगम्यता संस्थेकडे. वरील सर्व रकमांवर जीएसटी वेगळा."

शेवटच्या हप्त्याचं वाक्य अहवालाच्या तारखेला बांधा, सर्टिफिकेटला बांधू नका. सर्टिफिकेट कधी येईल ते तुमच्या हातात नसतं.

११. एएमसीमधे (वार्षिक देखभाल करारात) काय धरायचं

साइट दिली त्या दिवशी ती सगळ्यात चांगली असते. त्यानंतर ऑफिसातला माणूस व्हॉट्सॲपवर आलेला नोटिशीचा फोटो चढवतो आणि तिथून घसरण सुरू. ट्रेनिंगचे ते चार तास म्हणूनच धरलेत. त्यातला अर्धा वेळ तरी एकाच गोष्टीवर द्या, वर्डमधे युनिकोड मराठीत टाइप करून, हेडिंगच्या स्टाइल वापरून पीडीएफ कशी सेव्ह करायची. प्रिंट काढून सही-शिक्का मारून स्कॅन करायची सवय मोडायला वेळ लागतो. आम्ही तोडगा काढला की सहीची स्कॅन प्रत हवी तर ठेवा पण त्याच पानावर मजकूर टाइप करून टाका.

एएमसीत आम्ही तिमाहीला सहा तास धरतो, नवीन चढवलेलं तपासायला आणि अवघड पाच टेम्प्लेट परत कीबोर्डने फिरायला. कॉलेजच्या त्या बाई आता स्वतःच कॉपी करून नोटपॅडमधे पेस्ट करून बघतात आणि खिचडी आली की टायपिस्टला फाइल परत पाठवतात. मागच्या तिमाहीत आम्हाला सहातले दोनच तास लागले, उरलेले चार त्यांनी पुढच्या तिमाहीत जमा धरायला लावले, लेखी.